साडभाऊची चूळ

माझ्या साडूचा अपमान करणं बुलढाणा जिल्ह्यात कोणालाही जमलं नाही. लोकांनी कसर ठेवली असं नाही. खामगावच्या कापसाच्या जिनात, उंद्रीच्या बाजारात, एस.टी.च्या गाडीत, खुद्द आमच्या चर्चच्या आवारात लोकांनी मनापासून प्रयत्न करून पाहिले, आणि त्यांत सगळ्यांत जास्त मेहनत मी घेतली हे मी स्वतः कबूल करतो. तीस वर्षं मी त्या माणसाला टोमणे मारले. त्यानं ते सगळे लग्नातल्या आहेरासारखे दोन्ही हातांनी घेतले. एखाद्याला दगड मारावा आणि त्यानं तो उचलून, फुंकर मारून, उलटासुलटा पाहून ‘कोपऱ्याले चांगला बसंल’ म्हणून बाजूला ठेवावा, तशातली गत. गवंडीच होता तो. पण याच माणसामुळे माझ्या मार्थाचं लग्न झालं. नाहीतर ते लग्न मी, तिच्या सख्ख्या बापानं, भर चर्चमध्ये उभं राहून मोडलं असतं. कोट घालून तयार होतो मी. ते पुढं सांगतो. आधी माणूस सांगतो.

नातं म्हणाल तर माझ्या बायकोची धाकटी बहीण त्याला दिलेली. आमच्या वऱ्हाडात साडूला साडभाऊ म्हणतात. तो उंद्रीला राहायचा, मी खामगावला. मी मराठी तिसरी पास आहे. चौथीत बसलो होतो, पण मास्तरचं आणि माझं पटलं नाही, आणि त्यात चूक मास्तरची होती. पुढं जिनात फिटर झालो. यंत्र कुठं दुखतं ते नुसता कान लावून सांगणारा माझ्यासारखा दुसरा माणूस त्या गावात नव्हता, हे आजही कोणालाही विचारा. साडभाऊ तर शाळेत गेलाच नव्हता. रविवारच्या शाळेत मोठ्या अक्षरांचं शास्त्र, म्हणजे बायबल, समोर धरून तो वाचायला शिकला, आणि शिकला ते असं की अक्षरात लिहिलं आहे ते तसंच्या तसं करायचं असतं अशी त्याची समजूत झाली. लोक शास्त्र वाचतात, मान डोलावतात आणि घरी जाऊन जेवतात. हा गडी वाचायचा आणि कामाला लागायचा.

आता आमच्याकडे ‘शहाणा’ हा शब्द कसा वापरतात ते बाहेरच्या माणसाला सांगायला हवं. पुस्तकात तो चांगला शब्द आहे. आमच्या जिनात ती शिवी होती. “लय शायना झाला का बे?” म्हटलं की समोरच्यानं बाह्या वर करायच्या, एवढा त्याचा अर्थ पक्का. आणि साडभाऊनं कधीतरी चर्चमध्ये ऐकलं होतं, की एका राजाला देवानं विचारलं, बोल तुला काय पाहिजे. आणि राजानं सोनं नाही, नाणं नाही, शत्रूचं मुंडकं नाही, शहाणपण मागितलं. हे त्याच्या मनात असं बसलं की तोही रोज सकाळी तेच मागायला लागला. त्यामुळे कोणी त्याला म्हटलं, “लय शहाणा हायेस बे तू,” की हा थांबायचा, डोक्यावरची टोपी काढायचा आणि गंभीरपणे सांगायचा, “नाई ना भाऊ, अजून नाई झालो. मागून राह्यलो देवाले. तुमी बी माह्यासाठी मागा थोडं.” बोलणाऱ्याची गाडीच रुळावरून खाली. एका मुकादमानं तर चिडून सलग तीनदा म्हटलं आणि तिन्ही वेळा हेच उत्तर ऐकलं. पुढं तो मुकादम याला दुरून पाहिला की रस्ता बदलायचा, न जाणो आपल्याला प्रार्थना करायला लावंल.

पण त्याची खरी ओळख म्हणजे त्याचा गडवा. पितळेचा तांब्या, ओंजळीएवढा, गळ्याला सुतळी बांधलेला. ती सुतळी खांद्यावर, आणि गडवा काखेखाली, जिथं दुसऱ्या लोकांची पिशवी असते तिथं. तरुणपणी हा फार तापट होता म्हणतात. मी पाहिलेलं नाही, पण माझी मेहुणी सांगते आणि ती खोटं बोलत नाही. एका मालकानं याच्या कामाला नाव ठेवलं, तर यानं दिवसभर बांधलेली भिंत त्याच्यासमोर लाथेनं पाडली आणि वर स्वतःचाच अंगठा मोडून घेतला. मिशनच्या दवाखान्यात अंगठा बांधताना तिथली म्हातारी दाई सहज म्हणाली, “अरे बाबा, राग आला का तोंडात पान्याची चूळ धरत जा. कोमट झाली का मंग बोल.” दाई बोलून मोकळी झाली असेल. पुढच्या माणसाचा अंगठा बांधायला घेतला असेल. पण यानं दवाखान्यातून निघाल्या निघाल्या बाजारात जाऊन गडवा घेतला, आणि त्या दिवसापासून पाणी कोमट झाल्याशिवाय तो रागाचा एक शब्द बोलला नाही. अन् पाणी कोमट झालं की त्याला बहुतेक वेळा बोलायचं काय होतं तेच आठवायचं नाही.

या चुळीनं काय काय गोंधळ घातले! एकदा आम्ही दोघं उंद्रीहून खामगावला येताना कंडक्टरनं याला उगाच झापलं. राज्य नवं होतं, गाड्या नव्या होत्या आणि कंडक्टर तर सगळ्यांत नवा होता. साडभाऊनं शांतपणे गडवा तोंडाला लावला आणि गाल फुगवून, डोळे मोठे करून त्याच्याकडे पाहत उभा राहिला. कंडक्टरला वाटलं, या माणसाला आता ओकारी होते. “अरे थांब, थांब! गाडी थांबव!” गाडी थांबली. दोघांनी याला धरून खाली उतरवलं, एका बाईनं लिंबू दिलं, परत चढवून खिडकीची जागा दिली, आणि तो कंडक्टर खामगाव येईपर्यंत “बरं वाटते का बाबा?” विचारत राहिला. उतरताना साडभाऊ मला म्हणाला, “पाह्यलं का भाऊ? मानूस चांगलाच होता. मी पयलेच बोललो असतो तं दिसलाच नसता.” मी म्हटलं, “तो घाबरला होता, साडभाऊ.” तर म्हणाला, “मी बी घाबरलो होतो. माह्याच तोंडाले.”

मी त्याला एकदा चिडून विचारलं, की हे काय लहान पोरासारखं गाल फुगवणं, देवानं अक्कल दिली आहे ना, मग तोंड बांधून काऊन घेता? यावर त्यानं जे सांगितलं ते मी तेव्हा हसण्यावारी नेलं. म्हणाला, “भाऊ, मी पाहून ठेवलं हाये. येडेपना मोटारीनं येते. शहानपन बिचारं पायी पायी येते. त्याले गावात पोचू तं द्या.”

शास्त्रात घर बांधण्याची गोष्ट आहे. एकानं खडकावर बांधलं, ते टिकलं. एकानं वाळूवर बांधलं, ते पडलं. आमच्या चर्चचे पाळकसाहेब दरवर्षी सांगतात, आम्ही दरवर्षी ऐकतो. साडभाऊनं ती गोष्ट ऐकली आणि उंद्रीला स्वतःच्या घराचा पाया खणायला घेतला. आमच्याकडे काळी जमीन, उन्हाळ्यात पायाचा पंजा जाईल एवढ्या भेगा. शहाणा गवंडी कमरेइतकं खणतो, मुरूम लागला की थांबतो. यानं कमरेइतकं खणलं, छातीइतकं खणलं, मग हा दिसेनासा झाला. माझी मेहुणी बाजूला घातलेल्या छपराखाली स्वयंपाक करायची आणि भाकरी झाली की खड्ड्याच्या काठावर उभी राहून हाक मारायची. दोन उन्हाळे गेले. शेवटी पहार खण्णकन वाजली, तेव्हा हा वर आला आणि गावात पेढे वाटले. पण तोवर दगड, चुना आणि बायकोचा धीर सगळं जमिनीखाली संपलं होतं. भिंती जेमतेम खांद्याएवढ्या झाल्या आणि त्यांच्यावर पत्रे आले. आयुष्यभर त्या घरात प्रत्येक माणूस वाकून शिरला. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा कपाळ आपटलं आणि म्हटलं, “साडभाऊ, तुमचं घर तं जमिनीतच संपलं की हो!” तो खुशीत म्हणाला, “हाव ना भाऊ! तुमालेच समजलं पाहा. बाकीचे लोक नुसतं वरचं पाह्यते.” असा माणूस. आता टोमणा मारायचा तरी कसा?

तशीच त्या दहा पोरींची गोष्ट. दिवे घेऊन नवरदेवाची वाट पाहत बसलेल्या. पाच शहाण्या, त्यांनी जास्तीचं तेल घेतलं, आणि पाच मूर्ख, त्यांनी घेतलं नाही. त्या गोष्टीपासून साडभाऊ सगळ्या वस्तू दोन दोन घेऊन फिरायला लागला. दोन छत्र्या, दोन थाप्या, दोन रुमाल. दुसरी छत्री तो स्वतः कधी उघडायचा नाही. ती वाटेत भेटणाऱ्या बिनछत्रीच्या माणसासाठी. कारण त्या गोष्टीतलं एक त्याला आयुष्यभर टोचत राहिलं. शहाण्या पोरींनी मूर्ख पोरींना तेल दिलं नाही, हे काही त्याच्या गळी उतरेना. दरवर्षी त्या वचनावर उपदेश झाला की हा पाळकसाहेबांना दारात गाठायचा.

“साहेब, सलाम. तेल होतं ना त्याह्यच्यापाशी?”

“होतं हो. पण दृष्टांताचा अर्थ तसा नाही.”

“नसंल. पन मंग देल्लं काऊन नाई?”

“दिलं असतं तर दोघींनाही पुरलं नसतं, असं त्याच म्हणतात ना.”

“मंग दोघी मिळून एका दिव्यात जाचं होतं. उजेड का पाह्यते, कोनाच्या तेलाचा हाये?”

पाळकसाहेब शिकलेले, सेमिनरीत गेलेले. ते चष्मा काढायचे, पुसायचे आणि म्हणायचे, “पुढच्या वर्षी बोलू.” अशी कितीतरी वर्षं गेली. एका वर्षी पाळकसाहेबांनी उपदेशाचं वचनच बदललं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

तर आता मार्थाचं सांगतो.

मार्था माझी एकुलती एक मुलगी. तिचं दुसरबीडच्या एका मास्तराशी जमलं. मुलगा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायचा, बाप शेती करायचा, माणसं साधी. आमच्यात लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये नावं वाचतात, आणि पाळक विचारतात की या लग्नाला कोणाची हरकत असेल तर आताच सांगावी. दोन रविवार वाचून झाले. कोणी काही बोललं नाही. मग त्या आठवड्यात मधल्या वारी व्याही आणि जावई लग्नाचं बाकीचं ठरवायला माझ्या घरी आले.

लग्न खामगावलाच व्हावं, हे माझं म्हणणं. व्याह्यांची म्हातारी आई दुसरबीडहून एवढ्या लांब येऊ शकत नव्हती, म्हणून तिकडं व्हावं, हे त्यांचं. मी बरंच बोललो. मी बोलायला लागलो की नीट समजावून सांगतो. मग मी पत्रिकेचा कागद काढला. तो मी स्वतःच्या हातानं लिहिला होता, तीन दिवस बसून, आणि तो मी मोठ्यानं वाचला. शेवटी ‘आपला आर्शीवाद असावा’ असं होतं. तेव्हा माझा होणारा जावई खिशातून पेन्सिल काढून हळूच म्हणाला, “बाबा, रफार पुढं जातो. ‘आशीर्वाद’.” आणि त्यानं माझ्या कागदावर, माझ्या रफारावर काट मारून तो पुढं नेऊन ठेवला. आणि बरोबर त्याच वेळी त्याच्या बापानं हात जोडले आणि म्हटलं, “राहू द्या. तुम्ही शहाणी माणसं. तुम्ही म्हणाल तसं.”

शहाणी माणसं! मुलानं माझी चूक काढली आणि बापानं वर मीठ चोळलं. माझ्याच घरात, माझ्या बायकोसमोर, माझ्या मुलीसमोर. तिसरी पास माणसाला शहाणा म्हणतात! मला तसं म्हणून हिणवणारा जिनातला एकेक कारकून माझ्या डोळ्यांसमोरून गेला. ताटं वाढलेली होती म्हणून मी गप्प राहिलो. पाहुणे गेले, आणि मी बायकोला सांगितलं, “तिसऱ्या रविवारी मीच उभा राह्यतो. माही हरकत हाये म्हंतो. बापाचीच हरकत म्हटल्यावर पाहू कोन लगन लावते ते.”

बायको रडली नाही. तिला माझा स्वभाव माहीत होता. ती दुसऱ्या दिवशी उंद्रीच्या गाडीत बसली आणि बहिणीकडे जाऊन आली. रविवारी सकाळी मी निघालो तेव्हा मार्थानं माझा काळा कोट पुढं केला. त्याचं तुटलेलं बटन लावलेलं होतं. म्हणाली, “बाबा, तुमाले बोलाचं तं बोला. पन कोट घालून बोला. सारी मंडळी पाह्यते.”

कोट घातला. चर्चच्या फाटकात साडभाऊ उभा. पहाटेच्या गाडीनं आलेला, काखेत गडवा, हातात दोन छत्र्या, आणि थंडीचे दिवस, आभाळ कोरडं ठणठणीत. मला वाटलं, आता हा समजूत काढणार. मी सगळी उत्तरं घोकून ठेवली होती. त्यानं “सलाम, भाऊ” म्हटलं आणि माझ्याशेजारी बाकावर बसला. गीत झालं, प्रार्थना झाली. व्याही आणि जावई पुढच्या बाकावर. मार्था पलीकडे बायकांच्या बाजूला, मान खाली, पायाच्या अंगठ्याकडे पाहत. माझा घसा कोरडा पडला. खूप बोलायचं असलं की पडतोच. तेवढ्यात पाळकसाहेबांनी कागद उचलला, आणि साडभाऊनं गडवा माझ्यापुढे केला. मी घसा ओला करायला म्हणून तोंडभर पाणी घेतलं. आणि हा माझ्या कानात म्हणतो, “गिळू नका, भाऊ. कोमट होऊ द्या.”

पाळकसाहेबांनी दोन्ही नावं वाचली. “आज तिसऱ्यांदा व शेवटचं विचारतो. कोणाची हरकत असेल तर आताच सांगावी.”

ते थांबले. नेहमीपेक्षा जास्त थांबले. त्यांच्याही कानावर गेलं असावं. माझे गाल फुगलेले. पाणी बर्फासारखं थंड, दात ठणकायला लागले. मला कोणी बांधून ठेवलं नव्हतं. एक घोट गिळला असता तर तोंड मोकळं होतं. मी बाकाला हात टेकून अर्धा उठलोसुद्धा. उठताना पहिलं वाक्य मनात जुळवायला लागलो, कारण उभा राहिलो की पाळकसाहेब विचारणार, काय हरकत आहे? आणि मी सांगणार... काय सांगणार? ‘साहेब, हे लगन होऊ नाई, कारन याह्यनं मले शहाना म्हटलं.’

मी ते वाक्य तोंडात फिरवून पाहिलं. पाण्याबरोबर फिरवलं. पुढून पाहिलं, मागून पाहिलं. दुसरं वाक्य सापडेना. रफाराचं सांगावं तर ते त्याहून वाईट. सगळी मंडळी बसलेली, पुढच्या बाकावर दुसरबीडची माणसं, आणि मी कोट घालून, मुलीनं बटन लावून दिलेला कोट घालून, उभा राहून ओरडणार की मला शहाणा म्हणाले हो! मार्थानं मान वर केली. तिनं माझ्याकडे रागानं पाहिलं असतं तर मी गिळलं असतं पाणी, आणि बोललो असतो. देवाशपथ बोललो असतो. पण तिनं माझ्या गालांकडे पाहिलं. मग साडभाऊच्या मांडीवरल्या गडव्याकडे पाहिलं. आणि तिच्या तोंडावर जे आलं ते हसू होतं की रडू, मला आजवर सांगता येत नाही.

मी खाली बसलो.

“हरकत नाही असं समजतो,” पाळकसाहेब म्हणाले आणि कागदाची घडी केली. मग मी पाणी गिळलं. ते चांगलंच कोमट झालेलं होतं.

माझं चुकलं होतं असं मी आजही म्हणत नाही. घाई झाली होती, एवढंच म्हणतो. पण उपासना सुटल्यावर आवारात व्याही माझ्याजवळ आले, दोन्ही हातांत माझा हात धरला आणि म्हणाले, “आमची आई लई खूश झाली बघा. म्हणू लागली, शहाण्या घरची पोरगी येऊ लागली आपल्यात. गाडीत घालून का होईना, खामगावला आणा मला.” मी त्या माणसाच्या तोंडाकडे नीट पाहिलं. यंत्राला कान लावून दुखणं ओळखणारा माणूस मी; खोट असती तर कळली असती. तोंड धुतलेल्या ताटासारखं स्वच्छ होतं. त्यांच्या तिकडं, जालन्याच्या बाजूला, शहाणा म्हणजे नुसता शहाणाच. त्या दिवशी माझ्या घरात मला कोणी टोमणा मारलाच नव्हता.

मी फाटकापाशी साडभाऊला गाठलं. म्हटलं, “साडभाऊ, तुमाले कसं समजलं का तो टोमना नाई म्हनून?”

“मले काय समजते भाऊ. मी तं तिथं नोयतोच.”

“मंग असता तं? टोमनाच असता तं?”

“तरी बी पानी तेवढ्याच वेळानं कोमट होते.”

हे ऐकून मी जागीच थांबलो. तीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या डोक्यात एक शंका आली. म्हटलं, “थांबा. म्हंजे तुमाले टोमना समजते? म्हंजे तो मुकादम, ते जिनातले लोक... आन मी? मी एवढे दिवस जे बोलत आलो, ते तुमाले सारं समजत होतं?”

साडभाऊनं माझ्याकडे पाहिलं. मग गडवा उचलला, तोंडभर पाणी घेतलं, गाल फुगवले, आणि दुसरी छत्री माझ्या हातात देऊन उंद्रीच्या गाडीकडे चालायला लागला. ऊन चांगलं होतं. तरी मी ती छत्री उघडली आणि घरापर्यंत उघडीच ठेवली.

लग्न खामगावला झालं. म्हातारी गादी घातलेल्या गाडीतून आली आणि पंक्तीत माझ्याशेजारी बसून जेवली. पत्रिकेत रफार मात्र मी ठेवला होता तिथंच छापून घेतला. सगळं एकाच दिवशी सोडता येत नाही.

पुढं साडभाऊ थकला. मार्थाची मुलं शाळेत जायला लागली तोवर त्यानं अंथरूण धरलं. मी उंद्रीला गेलो, वाकून आत शिरलो. एवढ्या वर्षांनी त्या घराची सवय कपाळाला झाली होती. दुपार होती. भिंतीला कुठंही भेग नव्हती, शेजारची उंच घरं दोनदा उतरवून बांधली होती. गडवा उशाशी, पाण्यानं भरलेला, पण त्याला तो उचलवत नव्हता. मनात पुष्कळ होतं, आणि बोलायला बसलो तेव्हा माझ्याकडे एकच शब्द निघाला, जो मी आयुष्यभर त्याला फेकून मारला होता. दुसरा मला शिकवलेलाच नव्हता. मी म्हटलं, “साडभाऊ, तुमी लय शहाने हो.”

‘अजून नाई झालो’ म्हणेल म्हणून मी वाट पाहिली. त्यानं डोळे उघडले आणि माझ्याकडे एकटक पाहिलं.

“टोमना हाये का, भाऊ?”

“नाई,” मी म्हटलं.

“मंग पानी द्या थोडं.”

मी त्याची मान हातावर घेतली आणि गडवा त्याच्या ओठाला लावला. माठातलं थंड पाणी होतं. त्यानं ते लगेच गिळलं.